टॅक्सी घालताय? आधी कागद बघा

चवथीला किंवा डिसेंबरात पाहुणे वाढले की आपल्या गोव्यात बरेच जण घरची पांढऱ्या नंबरपाटीची खासगी गाडी गुपचूप भाड्याला काढतात, मोपा-दाबोळी विमानतळाच्या दोन ट्रिपा मारल्या की पेट्रोल सुटतं म्हणे, पण बाबांनो हे महागात पडतं. विनापरमिट भाडं मारताना पकडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९२अ खाली १०,००० रु. दंड, आणि अपघात झाला तर खासगी गाडीचा इन्शुरन्सवाला हात वर करणार ते वेगळंच, खरी भीती तीच.

टॅक्सीला पिवळी पाटी काळी अक्षरं. काळी पाटी पिवळी अक्षरं म्हणजे रेंट-अ-कॅब, तिथं गिऱ्हाईक स्वतः चालवतं, त्यात गल्लत नको. टॅक्सीचं फिटनेस सर्टिफिकेट पहिली ८ वर्षं दर २ वर्षांनी काढायचं, मग दरवर्षी, ही तारीख हमखास विसरतात, मी तर मोबाईलात महिनाभर आधीचा अलार्म लावतो. पीयूसी, परमिट, इन्शुरन्सही बघा.

कागद डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहन ह्या सरकारी ॲपवर ठेवले तरी चालतात. आणि हो, जवळचं भाडं म्हणून उगाच नाही म्हणू नका, त्यालाही दंड आहे, ५०० रुपयांपर्यंत.