वाटणाचे क्यूब: सकाळच्या डब्याची घाई निम्मी कमी

सकाळी डब्याच्या घाईत रोज कांदा-खोबरं भाजून वाटण करायला वेळच नसतो, त्यामुळे सध्या घरातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे बर्फाचा ट्रे.

१. रविवारी ४ मोठे कांदे उभे चिरून थोड्या तेलात चांगले लालसर भाजायचे, मग १ वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस मंद गॅसवर परतायचा, हा पटकन करपतो आणि करपला की सगळं वाटण कडू, म्हणून इथे मोबाईल बाजूला ठेवा प्लीज. शेवटी १५-२० लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं.

२. पूर्ण गार झाल्यावर अगदी कमी पाण्यात वाटायचं. पातळ झालं तर क्यूबवर नुसता बर्फ साचतो.

३. ट्रेमध्ये भरून रात्रभर फ्रीजरमध्ये, सकाळी क्यूब काढून झिपच्या पिशवीत, वर तारीख लिहून.

चौघांच्या मटकीच्या उसळीला मला ३ क्यूब पुरतात, वांग्याला २. महिनाभर चव छान राहते. मुलगी आता स्वतःच पिशवीतून क्यूब काढून देते, तेवढीच मदत 😊

ट्रे मात्र वाटणासाठी वेगळाच ठेवा, लसणाचा वास जाता जात नाही आणि मग सरबतातही तोच येतो.

आणि एक, गोठलेला क्यूब कडकडीत तेलात टाकू नका, तेल उडून भाजतं. गॅस बारीक करायचा, टोमॅटो घालून झाल्यावरच क्यूब टाकायचा आणि लगेच झाकण.