ॲलर्जीच्या रिसर्चला ग्रँट हवीय? मग अर्ज असा लिहा

स्किन, चेस्ट, ईएनटी, पीडियाट्रिक्सचे रेसिडेंट आणि पीएचडीवाले पण नेहमी विचारतात की ॲलर्जीत काम करायचंय पण पैसा कुठून आणायचा, म्हणून एकदाच नीट लिहितेय.

पहिली गोष्ट, अवॉर्ड आणि ग्रँट यात गल्लत नको. अवॉर्ड झालेल्या कामाला मिळतो, ग्रँट पुढच्या कामाला. युरोपियन ॲकॅडमी ऑफ ॲलर्जी अँड क्लिनिकल इम्युनॉलॉजीचे पॉल एर्लिश, फॉन पिर्के, डॅनिएल बोव्हे, चार्ल्स ब्लॅकली यांच्या नावाचे अवॉर्ड आहेत, पण ते मोठं काम करून झालेल्या लोकांचे. नवीन असाल तर त्याच संस्थेच्या ज्युनियर मेंबरांसाठीच्या फेलोशिप बघा, आणि आपल्याकडे इंडियन कॉलेज ऑफ ॲलर्जी, अस्थमा अँड अप्लाइड इम्युनॉलॉजीच्या वार्षिक कॉन्फरन्सला पेपर किंवा पोस्टर टाका, तिथे ओळखी होतात आणि पुढे कोलॅबोरेटर मिळतो.

आता अर्ज. सगळा जीव प्रश्नात असतो हो. ब्लॅकली मँचेस्टरचा साधा डॉक्टर, त्याला स्वतःला हे फीवर, म्हणजे हंगामात शिंका-सर्दीचा त्रास, तर त्याने परागकण स्वतःवरच टेस्ट केले, पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून वरच्या हवेत पराग किती ते मोजले आणि 1873 मध्ये सगळं छापलं. प्रश्न एकच, हा त्रास परागांनी होतो का.

तुमचा प्रश्न पण असाच टोकदार करा. ‘महाराष्ट्रातील ॲलर्जीचा अभ्यास’ असं टायटल दिलंत की रिव्ह्यूअर तिथेच थांबतो. त्यापेक्षा कातडीला ॲलर्जी करणारं गाजरगवत घ्या, 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं आणि मग देशभर पसरलं. खुरपणीला जाणाऱ्या ज्या बायकांना चेहरा, मान, कोपराच्या खोबणीत पुरळ येतं त्यांच्यात पॅच टेस्ट (संशयित पदार्थाची पट्टी कातडीला चिकटवून बघायची) किती जणींना पॉझिटिव्ह येते, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून काम करणाऱ्यांना त्रास कमी होतो का? हा झाला प्रश्न. ओपीडीच्या जुन्या केसपेपरवरून थोडा पायलट डेटा काढून जोडलात तर अजून वजन येतं.

मेथडमध्ये बारकावे लिहाच. पॅच पाठीवर लावायचा, 48 तासांनी काढून वाचायचा, परत 96 तासांच्या आसपास वाचायचा. इथेच अभ्यास फसतात, कारण गावाहून आलेली बाई दुसऱ्या रीडिंगला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी सोसून येत नाही, म्हणून बजेटमध्ये प्रवासखर्च आणि मजुरीची भरपाई टाका आणि का टाकली ते एका ओळीत लिहा. स्किन प्रिक, म्हणजे कातडीवर थेंब टाकून टोचायची टेस्ट, करणार असाल तर हिस्टामिन (गांधी उठायलाच हवी) आणि सलाइन (उठायला नको) दोन्ही कंट्रोल, 15 ते 20 मिनिटांनी रीडिंग, अँटीहिस्टामिन आधी किती दिवस बंद, आणि गंभीर रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनलिन हाताशी ठेवणार, हे सगळं आलं पाहिजे.

अर्ज कुठे करायचा? एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, दोन महिन्यांचा प्रोजेक्ट, गाइड कॉलेजमधलाच. फॅकल्टी असाल तर आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल (म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीच्या) ग्रँट, पीएचडी झालेल्यांनी इंडिया अलायन्सच्या (केंद्राचा बायोटेक्नॉलॉजी विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची संस्था) फेलोशिप पण बघाव्यात. वय, अनुभव, तारखा बदलत राहतात, त्या वर्षीचीच जाहिरात वाचा, मागच्या वर्षीच्या पीडीएफवर जाऊ नका.

एथिक्स कमिटीचा अर्ज मात्र आधीच टाकून ठेवा, मीटिंग रोज होत नाही. परदेशी पैसा येणार असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, आणि खासगी ट्रस्टचं कॉलेज असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी आहे का ते अकाउंट्सवाल्यांना आजच विचारा, ग्रँट मंजूर झाल्यावर नको.

आणि नकार आला तर रिव्ह्यूअरच्या कमेंट्स मागवा, एकेका कमेंटखाली काय बदललं ते लिहा, जिथे तुमचं बरोबर आहे तिथे कारण द्या, आणि पुढच्या कॉलला सुधारलेला अर्ज परत टाका.