एंजलची अंडी आणि इंदूरचं पाणी

एंजल या शोभेच्या माशाच्या जोडीनं अंडी घातली की सगळे अंड्यांकडे धावतात. खरं तर आधी पाणी बघायला हवं. इंदूरच्या बऱ्याच घरांत नर्मदेचं आणि बोरिंगचं अशी दोन्ही पाणी असतात. बोरिंगचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असतं. मोठे एंजल त्यात छान राहतात, अंडीही देतात, पण जड पाण्यात अंडी कमी फळतात. जोडीची टाकी नर्मदेच्या पाण्यावरच ठेवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते बादलीत एअर स्टोन (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणारा दगड) सोडून 24 तास मुरू द्या. घाई असेल तर हायपो (क्लोरीन घालवणारे खडे) टाका. बोरिंगशिवाय सोयच नसेल तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. नुसतं आरओ नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि पीएच झटक्यात घसरतो.

जोडीच्या टाकीत स्लेटची फरशी किंवा पीव्हीसीचा पाइप तिरका टेकवून ठेवला की जोडी बहुधा त्यावरच अंडी घालते. नवी जोडी पहिल्या काही खेपांना बहुधा अंडी खाते, म्हणून पाइप उचललेला बरा. दहा-पंधरा लिटरच्या रिकाम्या काचपेटीत जोडीच्याच टाकीतलं पाणी भरा आणि पाइप पाण्याबाहेर दोन-चार सेकंदांहून जास्त न ठेवता तिकडे न्या. एअर स्टोन पाइपाच्या शेजारी ठेवा. पाणी अंड्यांवरून सरकत राहिलं पाहिजे, पण बुडबुडे अंड्यांवर आदळता कामा नयेत.

आता मेथिलीन ब्लू, म्हणजे बुरशी रोखणारं निळं औषध. बाजारातल्या बाटल्या कमी-जास्त कडक असतात, त्यामुळे थेंब मोजण्यापेक्षा रंग बघा: पेटीमागे धरलेलं वर्तमानपत्र निळसर दिसावं, पण वाचता यावं. मेथिलीन ब्लू फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मारतं, म्हणून या पेटीत स्पंज फिल्टर इतक्यात घालू नका.

हीटर 28 अंशांवर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि हीटर नसेल तर अंडी फुटण्याआधीच बुरशी गाठते. चांगलं अंडं मधाच्या थेंबासारखं पारदर्शक दिसतं. पांढरं झालेलं अंडं गेलं. त्याची बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते, म्हणून ते ड्रॉपरनं काढून टाका.

दोन-अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्लं डोक्याकडून पाइपाला चिकटून नुसत्या शेपट्या हलवत असतात. पोटाखालची पिवळी पिशवी हेच तेव्हा त्यांचं अन्न. या चार-पाच दिवसांत वरून काहीही खायला घालू नका. ते नुसतं सडतं.

सर्वात जास्त पिल्लं मरतात ती यानंतर, पोहायला लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत, आणि तीही भुकेनं. त्यांचं पहिलं खाणं म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला अगदी बारीक जीव. त्याची अंडी फुटायला 24 ते 36 तास लागतात, त्यामुळे पिल्लं पोहायला लागायच्या आदल्या दिवशीच ती लावा. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, पाव चमचा आर्टेमियाची अंडी, जोरदार हवा, वर दिवा आणि तेच 28 अंश. फुटल्यावर हवा बंद करून बाटलीच्या तळाशी उजेड धरा. दहा मिनिटांत टरफलं वर तरंगतात आणि केशरी जीव खाली जमतात. ते नळीनं ओढा, मलमलच्या कापडावर गाळा आणि गोड्या पाण्यानं धुवा. टरफलं मिसळली तर ती पिल्लांच्या आतड्यात अडकतात.

दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. पंधरा मिनिटांनी भिंगातून पाहा: पोट केशरी आणि फुगलेलं दिसलं तर पिल्लू खातंय. पोट आत गेलेलं असेल तर ते एक-दोन दिवसांचंच सोबती. उरलेला आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरतो आणि अमोनिया वाढतो, म्हणून रोज तळ साफ करून 25-30 टक्के पाणी बदला. घालायचं पाणी मुरलेलं आणि तेवढंच कोमट हवं. निळा रंग गेल्यावर स्पंज फिल्टर बसवा, तोही जुन्या टाकीत चाललेला. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप जवळ असू द्या.

तीन आठवड्यांनी शंभर पिल्लांमागे शंभर लिटरची टाकी लागते. गर्दीत वाढलेल्या पिल्लांचे पर आखूड राहतात, कल्ल्यावरचं झाकण अपुरं वाढतं. नंतर पाणी कितीही बदललं तरी ते भरून येत नाही. अशी पिल्लं वेगळी ठेवा, पुढे जोडीला लावू नका.