कोलब्रुकडेलच्या भट्ट्यांचा कोड्यांतून शोध

इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे कोड्यांचा शोधखेळ आखताना आरंभ जुन्या भट्टीपासूनच करावा, कारण १७०९ मध्ये अब्राहम डार्बी यांनी लाकडी कोळशाऐवजी कोक, म्हणजे भाजून शुद्ध केलेला दगडी कोळसा, वापरून येथेच लोखंड गाळले. भट्टीच्या ओतीव तुळईवरील १७७७ हे साल मुलांना स्वतः शोधू द्यावे. त्यातील अंक हा पुढच्या कुलुपाचा संकेत ठरवावा.

सेव्हर्न नदीकाठच्या बेडलम या जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांसाठी एकच सोपे कोडे पुरे.

शेवट मात्र त्याच नदीवरील लोखंडी पुलाशी व्हावा. त्यावरील रोमन अंक उलगडले की १७७९ हे त्याच्या उभारणीचे साल मिळते. तेथे घाई करू नये. कूस (खाचेत बसणारे टोक), खाच आणि पाचर हे सुतारकामातले सांधे लोखंडात कुठे दिसतात, ते प्रत्येकाने कागदावर रेखाटावे.