अरोकेरियाची फांदी गेली की परत येत नाही: या चुका टाळा

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळणारं अरोकेरिया सुयांसारख्या पानांमुळे पाइनचं भावंड वाटतं. पण त्याचं कुळ वेगळं. मूळचं ते दक्षिण प्रशांत महासागरातल्या नॉरफोक बेटावरचं. दमट हवा, भरपूर उजेड आणि पाणी न साचणारी जमीन मिळाली की तिथे ते 50 मीटरच्याही वर जातं. बर्फातल्या देवदारासारखं त्याला वागवलं की बिघडायला सुरुवात होते.

या झाडाच्या फांद्या खोडाभोवती मजल्यामजल्याने येतात. खालचा मजला वाळून गळला तर त्या जागी नवी फांदी फुटत नाही. म्हणून पिवळेपणा दिसताच कारण शोधा, ‘बघू पुढे’ म्हणून सोडू नका.

बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, आणि गोंधळ इथेच होतो. पाणी जास्त झालं तरी खालच्या फांद्या पिवळ्या पडतात, कमी पडलं तरी वाळतात. फांदीकडे बघून अंदाज बांधू नका, बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत घाला. वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या, ते तळाच्या भोकातून वाहू द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. माती सतत ओली असूनही झाड मलूल दिसत असेल तर मुळं कुजायला लागली असावीत. अशा झाडाला आणखी पाणी देणं सर्वांत घातक. ते कुंडीतून काढा, काळी मऊ मुळं कापा आणि वाळू किंवा परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळलेल्या भुसभुशीत मातीत लावा.

सुयांची फक्त टोकं तपकिरी होत असतील तर हवा कोरडी आहे का ते पाहा. एसी किंवा हीटरचा झोत थेट लागत असेल तर आधी कुंडी हलवा. कोरड्या हवेत लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीडही येते. बारीक जाळी दिसली तर झाड पाण्याच्या फवाऱ्याने नीट धुवा, मग कडुनिंबाचं तेल फवारा.

उंची आवरायला शेंडा छाटू नका, कृपा करून. झाडाचा सगळा डौल त्या एका शेंड्यात असतो. कापल्यावर नवे फुटवे आले तरी ती सरळ, एकसारखी ठेवण सहसा परत मिळत नाही. बाजूच्या फांदीचं कलम करण्यातही अर्थ नाही. ते रुजलं तरी आडवंच वाढतं.

अंधाऱ्या कोपऱ्यात झाड लांबट, विरळ होतं. उजेड एकाच बाजूने येत असेल तर कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवा. गोठवणारी थंडी मात्र याला सोसत नाही.

जमिनीत वाढलेलं झाड झुकलेलं दिसलं म्हणून लगेच स्वतःला दोष देऊ नका. नॉरफोकच्या या झाडाच्या नावाखाली पुष्कळदा न्यू कॅलेडोनिया बेटांवरचं कुक पाइन, म्हणजे अरोकेरियाचीच दुसरी जात, विकलं जातं, आणि ते विषुववृत्ताच्या दिशेने झुकतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतल्या झाडांमध्ये हा कल आढळला.