रामटेकला जायचं तर अंबाळ्यावरून चढा

माझं माहेर रामटेकचं आणि सासर नागपूरचं, महालातलं. त्यामुळे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की "वहिनी, रामटेक दाखवा ना" ही फर्माईश ठरलेली. बहुतेक लोक गाडी थेट टेकडीवरच्या राममंदिराच्या गडाजवळ नेऊन लावतात, दर्शन घेतात, वानरांचे फोटो काढतात आणि जेवायला नागपुरात परत येतात. तुम्हालाही तेवढंच करायचं असेल तर गाडी काढा नि निघा, माझं काही ऐकायची गरज नाही.

नागपूरहून अंतर साधारण ५० किलोमीटर. जबलपूर रोडने कामठी, कन्हान करत मनसरला यायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. गणेशपेठच्या स्टँडवरून एसटी मिळते. इतवारीहून रेल्वेही आहे, पण तिची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. घरून सहाला निघालात तर ऊन चढायच्या आत तुम्ही वर असाल. एप्रिल-मे मध्ये मात्र जाऊच नका. नागपूरचं ऊन ते, आणि देवळाच्या फरशीवर अनवाणी चालायचं असतं. रामनवमीला जाणं भागच असेल तर पायात घालायला जाड मोजे जवळ ठेवा.

गावात उतरल्यावर आधी अंबाळा तलाव गाठा. चहूबाजूंनी घाट, काठावर देवळांची रांग. अंब नावाच्या राजाचं कोड इथल्या पाण्याने गेलं अशी कथा आहे. इथे पिंडदान चालतं, अस्थी विसर्जनाला लोक येतात, तेव्हा कॅमेरा जरा आवरा. तलावाकडून पायऱ्या टेकडीवर जातात, त्याच धरा. जुने यात्रेकरू याच वाटेने चढायचे. गुडघे दुखत असतील तर गाडीरस्ता आहेच, त्यात कमीपणा नाही. माझ्या सासूबाई गाडीनेच जायच्या आणि आमच्या आधी वर पोचून आम्हालाच हसायच्या.

पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. इथले काळतोंडे वानर प्लास्टिकचा आवाज लांबून ओळखतात. नारळ, केळी, प्रसाद पाठीवरच्या बॅगेत, चेन लावून. चष्मा गेलाच तर मागे धावू नका. माझ्या नणंदेचा गेला होता. फुलवाल्या मावशींनी मूठभर फुटाणे टाकले, वानराने चष्मा सोडला, एक काच शाबूत होती.

आता कथेबद्दल. वनवासात राम इथे अगस्ती ऋषींच्या आश्रमाला आला आणि राक्षसांचा नाश करीन अशी प्रतिज्ञा त्याने इथेच केली, हे सगळे सांगतात. दुसरी कथा पुष्कळ जण गाळतात, मी गाळत नाही. शंबूक नावाचा शूद्र तपस्वी याच टेकडीवर रामाच्या हातून मारला गेला आणि मरताना त्याने वर मागितला की माझीही इथे पूजा व्हावी. तोच धूम्रेश्वर. लक्ष्मणाच्या देवळात यादवराजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे, त्यातही शंबूक इथे धूम्राक्ष म्हणून प्रसिद्ध झाल्याचं कोरलंय. म्हणजे गोष्ट निदान सातशे वर्षं जुनी. आमच्या आजीचा दंडक होता, आधी धूम्रेश्वर, मग राम. टेकडीवर कुणालाही विचारा, वाट दाखवतील.

गडाच्या अलीकडे, जरा बाजूला, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन देवळं आहेत. तिथे हमखास थांबा. बाहेरून ठेंगणी, साधी दगडी देवळं, आत मात्र अख्खा गाभारा व्यापून बसलेला नरसिंह, एक गुडघा वर, हात चक्रावर. डोळे अंधाराला सरावेपर्यंत उभे राहा, मोबाइलचा दिवा लावायची घाई करू नका. ही विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याच्या काळातली, पाचव्या शतकातली. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटकांच्या घरात सून म्हणून आली, नवरा गेल्यावर मुलाच्या नावाने राज्य तिनेच चालवलं. तिचा एक ताम्रपट 'रामगिरीच्या स्वामीच्या पायांपासून' दिलेला आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं नागपूरचे इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. सगळ्यांना ते पटत नाही, काही जण छत्तीसगडचं रामगड म्हणतात. आम्ही रामटेकवाले अर्थातच मिराशींच्या बाजूचे! कालिदास स्मारकही टेकडीवरच आहे.

पुढे वराह मंडपात दगडी वराह आहे. त्याच्या पोटाखालून जो निघेल तो पुण्यवान, अशी समजूत. माझ्या मते हा हिशेब पापाचा नाही, पोटाचा आहे. वराह, सिंघपूर, भैरव, गोकुळ असे दरवाजे ओलांडत आत जायचं. आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं, त्यामागे राम-सीता. आत्ताच्या मूर्ती सूर नदीत सापडल्या आणि रघुजी भोसल्यांनी बसवल्या असं सांगतात. बाहेर आलात की तटावरून गाव आणि तलाव दोन्ही बघून घ्या.

गर्दी चालत असेल तर वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री या. देवाने वर्षभर नेसलेला पीतांबर देवळावर जाळून त्रिपूर पेटवतात. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, यात्रा भरलेली असते. मुक्कामाची सोय मात्र आधी करा, ऐनवेळी खोली मिळत नाही.

उतरल्यावर गावात कपुरी पानं घ्या. रामटेकचे पानमळे जुने, बारी लोकांचे. पानं ओल्या फडक्यात गुंडाळून न्या.

दुपार उरली तर ड्रायव्हर खिंडसी तलावाला नेऊ म्हणेल. लेकरं असतील तर जा, बोटिंग आहे. नसतील तर नगरधनचा किल्ला. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, आणि तिथल्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा निघाली. किल्ल्यात जमिनीखाली देवीचं ठाणं आहे, पायऱ्या उतरताना डोकं सांभाळा. मनसरची हिडिंबा टेकडी परतीच्या वाटेवरच लागते, पण विटांचं ते बांधकाम नीट बघायला तास लागतो. एका दिवसात दोन्ही होणार नाही. नगरधन करा, मनसर पुढच्या खेपेला.