बदलीवरचा जादूगार कसा उभा करावा

रविवारी दुपारी तीन वाजता लालबागच्या आमच्या घरातलं जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून मधोमध येतं आणि त्यावर फासे पडायला लागतात. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली काढलेला. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापलं पात्र बोलून खेळतात, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आमच्याकडे तो मराठीत चालतो, पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांनी. गोष्ट चालवणारी मी. एरवी मी रात्रशाळेत गणित शिकवते, आणि त्याचा या लेखाशी संबंध आहे.

नवीन येणाऱ्यांपैकी निम्म्यांना एकच पात्र हवं असतं. तरुण जादूगार, गरीब, अभ्यासू, गिल्डमध्ये, म्हणजे कारागिरांच्या संघात, पडेल ते काम करून शिकणारा. ऐकायला छान वाटतं. मग दुसऱ्या तासाला हा गरीब अभ्यासू मुलगा आगीचे गोळे फेकत असतो आणि गरिबी, अभ्यास, काम तिन्ही विसरलेला असतो. दोष खेळणाऱ्याचा नाही. त्याने मंत्र आधी निवडले आणि पोट नंतर.

म्हणून पहिलं काम: मंत्रांची यादी बाजूला ठेवा आणि जमाखर्चाची वही काढा. नियमपुस्तकात मजुरीचे दर दिलेले आहेत. बिनकसबी माणसाला दिवसाला २ चांदीची नाणी, कसबी माणसाला २ सोन्याची. १० चांदीच्या नाण्यांचं १ सोन्याचं होतं, म्हणजे फरक दहापट. आता खर्च बघा. अगदी गलिच्छ राहणीला दिवसाला १ चांदीचं, गरीब राहणीला २. म्हणजे तुमचा जादूगार हमाली करून गरिबीत राहिला तर दिवसाअखेर हातात शून्य. गलिच्छ राहिला तर १ शिल्लक. आणि दुसऱ्याच्या मंत्रपुस्तकातला पहिल्या पातळीचा एक मंत्र आपल्या पुस्तकात उतरवायला २ तास आणि ५० सोन्याची नाणी लागतात. भागाकार करा. ५०० दिवस. एका मंत्राला.

हा आकडा मी फळ्यावर, म्हणजे फ्रिजच्या दारावर, लिहिते आणि दोन मिनिटं गप्प बसते. पात्र तिथेच जन्माला येतं. कुणी म्हणतं, गोदामात झोपेन. कुणी म्हणतं, वार लावून जेवेन. हे दुसरं मला फार आवडतं. सोमवारी सुताराकडे, मंगळवारी गिल्डच्या कारकुनाकडे, बुधवारी त्या तापट म्हातारीकडे जिला पत्रं वाचून दाखवावी लागतात. जेवणाचे दिवसाला ३ तांब्याचे वाचतात आणि गोष्ट चालवणाऱ्याला फुकटात सात घरं मिळतात. (पात्राची पातळी, म्हणजे अनुभवाने चढायची पायरी, वाढली की दोन मंत्र बिनपैशाचे मिळतात, तेव्हा अगदी रडू नका.)

आता गिल्ड. आम्ही सुरुवातीला ‘श्रेणी’ म्हणत होतो, कारण जुन्या शिलालेखांत तोच शब्द आहे. पण टेबलावर कुणीही ‘श्रेणी’ म्हटलं की सगळ्यांना निकालपत्रक आठवायचं, तेव्हा गिल्डवर आलो. शब्द सोडला, पण गिल्डचं काम समजून घेणं सोडू नका. परदेशी चित्रांतल्यासारखी भिंतीवर कामांच्या चिठ्ठ्या लावलेली खानावळ मला कधी पटली नाही. लालबाग-परळच्या माणसाला त्याहून ओळखीचं काहीतरी आहे: गिरणीतला बदली कामगार. पाळी सुरू व्हायच्या आधी तो गेटवर उभा. आत कुणाचा खाडा पडला असेल तर त्याच्या जागी आज काम, नाहीतर घरी. माझी आजी खानावळ चालवायची. तिच्या वहीत बदलीवाल्यांची पानं वेगळी होती, कारण त्यांचे पैसे महिन्याने येतील की दोन महिन्यांनी, हे त्यांनाही माहीत नसायचं. १९८२च्या संपानंतर त्या वहीतली नावं कमी कमी होत गेलेली दिसतात.

तर तुमचा जादूगार बदलीवर आहे. रोज सकाळी सहा बाजूंचा फासा टाका. १ पडला तर गेटवरूनच परत. २ किंवा ३ आला तर हमाली. ४ ला गोदामातल्या मालावरच्या चिठ्ठ्या वाचून वेगळ्या करणं, ५ ला काहीतरी तुटलेलं सांधणं. ६ म्हणजे मुकादमाच्या घरचं काम, ज्याचे पैसे मिळत नाहीत आणि नाहीही म्हणता येत नाही. मुकादम नीट रंगवा. जादूगाराच्या गोष्टीत राक्षस महिन्यातून एकदा येतो, मुकादम रोज येतो. त्याला वाईट करू नका. हाताला काम देणारा आणि त्यातली दस्तुरी खाणारा एकच माणूस असतो, एवढं पुरे.

इथे माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने असा जादूगार घेतला आणि मी उत्साहाने त्याला पिळून काढला. हमाली, दंड, पाऊस, मुकादम. तिसऱ्या रविवारी त्याने फासे खाली ठेवले. तो दिवसभर मोटारसायकलवर पार्सलं पोचवतो. म्हणाला, “मावशी, सोमवार ते शनिवार मी हेच करतो. रविवारी पण हेच?” मी चहा टाकायला उठले, कारण उत्तर नव्हतं.

उत्तर मला शाळेत मिळालं. आमची शाळा साडेसहाला भरते. मुलं कामावरून थेट येतात आणि पहिल्या तासाला त्यांची मान डुलते. पण एक मुलगा मिठाईच्या दुकानात खोकी बांधायचा, त्याने खोक्यांच्या झाकणांच्या आतल्या बाजूला वर्गसमीकरणाची सूत्रं लिहून ठेवली होती. खोकं बांधताना झाकण उघडं, सूत्र डोळ्यासमोर. मालकाला कळलं तेव्हा त्याने दहा झाकणांचे पैसे कापले. पण मुलाला सूत्र आजही येतं, आणि ते सांगताना तो झाकण बंद करायची हाताची हालचाल करतो.

तेव्हापासून आमच्या टेबलावर एक नियम आहे, तो कुठल्या पुस्तकात नाही: प्रत्येक किरकोळ कामातून जादूगाराच्या वहीत एक ओळ आली पाहिजे. पैसे मिळोत न मिळोत. मासळीबाजारात मीठ वाहिलं, तर कुठलं मीठ ओलं होत नाही ही ओळ. मुकादमाच्या घरी पाणी भरलं, तर त्याची बायको कुठल्या देवाला घाबरते ही ओळ. अशा दहा ओळी झाल्या की एखादा फासा खेळणाऱ्याला परत टाकायला मिळतो, पण ती ओळ कुठे उपयोगी पडते हे त्याने पटवून द्यायचं. भाचा परत आला. आता तो हमाली स्वतः मागून घेतो.

मंत्र आता निवडा. पहिल्या पातळीच्या जादूगाराला तीन कितीही वेळा वापरता येणारे मंत्र मिळतात आणि पुस्तकात सहा. तिघांतला एक मारामारीचा घ्या, माझी हरकत नाही. बाकीचे दोन कामाचे. मेज हँड, म्हणजे तीस फुटांवरून दहा पौंडांपर्यंत उचलणारा भुताचा हात, गोदामात सोन्यासारखा. आणि मेंडिंग, ज्याला आम्ही ‘सांधणी’ म्हणतो. पुस्तकातल्या सहांपैकी तीन तरी विधीने करता येणारे ठेवा. दहा मिनिटं जास्त लागतात, पण दिवसाची ताकद खर्च होत नाही, आणि आदल्या दिवशी घोकून ठेवावे लागत नाहीत. कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस, म्हणजे परकी भाषा समजणारा मंत्र, घ्याच. एक पान वाचायला एक मिनिट, आणि मिळतो तो फक्त शब्दशः अर्थ. या ‘शब्दशः’वर मी तीन रविवार काढले आहेत. एका पेटीवरच्या परक्या लिपीचा अर्थ लागला: ‘म्हातारी निजली की उघडा.’ सगळे घाबरून म्हातारी शोधत बसले. ती ओहोटी होती.

सांधणीचं एक उदाहरण जवळून सांगते, कारण पात्र कसं वाढतं ते त्यात दिसतं. इंदू नावाची जादूगार माझी एक माजी विद्यार्थिनी खेळते. ती दादरला कपडे अल्टर करायच्या दुकानात कामाला आहे. इंदूला एका सकाळी ५ पडला. गलबताचं शीड, १४ फुटांची फाट. मंत्राची मर्यादा अशी की एक फुटापेक्षा मोठी फाट सांधत नाही, आणि एकदा म्हणायला एक मिनिट लागतो. मी म्हटलं, होणार नाही, मोठी आहे. ती बराच वेळ पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून बसली. मग म्हणाली, “बाई, आधी कच्चे टाके घातले तर? दर दहा इंचांवर एक. मग ती एक फाट राहिली का?” मी कागदावर मांडलं. १६८ इंच, सतरा तुकडे, सतरा मिनिटं. काटेकोर वाचणारा यावर वाद घालू शकतो. मी घातला नाही. टेबलावरचे सगळे तिच्या हाताकडे बघत होते, कारण ती बोलता बोलता टेबलक्लॉथला खरोखर चिमटे काढत टाके दाखवत होती.

आणि मग मुकादमाने तिच्या हातावर २ चांदीची नाणी ठेवली. हमालाचा दर. ती भडकली, खरीखुरी. “दुकानात पण हेच! अहो, उसवलेलं शिवणं वेगळं, रफू वेगळं. रफूचा दर वेगळा असतो.” फासा टाकून, आवाज चढवून तिने त्या दिवसापुरती २ सोन्याची घेतली, आणि पुढच्या आठवड्यापासून गिल्डच्या हजेरीत तिचं नाव हमालांतून रफूगारांत गेलं. माझ्या मते पातळी वाढणं ते हेच. आकडे आपले नंतर वाढतात.

पैसे तरीही कमी पडतात, तेव्हा गिल्ड उचल देते. व्याज किती लावायचं, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. मी नाशिकच्या लेण्यांतून घेतलं. पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन गिल्डांकडे पैसे ठेवले: एकीकडे २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) महिन्याला शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी. करून बघा: महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले वीस, बारा. दोन हजार वर्षांपूर्वीचं गणित चोख बसतं, मी ते दहावीच्या वर्गालाही घालते. तर विणकरांची गिल्ड ही बँकही होती. ठेवीवर एक टक्का देणारी गिल्ड उचलीवर दीड तरी घेईल. ५० सोन्याच्या उचलीवर महिन्याला साडेसात चांदीची. इंदू ते फेडतेय.

अभ्यासाला वेळ कुठून आणायचा? नियमात सोय आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते. दीर्घ विश्रांती आठ तासांची, पण त्यात झोप किमान सहा तास. उरलेले दोन तास हलकं काम चालतं, आणि हलक्या कामांत वाचन आहे. आमच्याकडे त्या दोन तासांत वाचता येतं, मंत्र उतरवता येत नाही, कारण त्यात शाई, प्रयोग, चुका सगळं आलं. हे दोन तास कुठे काढता ते नक्की सांगा. कुणाच्या दिव्याखाली? तेल कुणाचं? इंदू कारकुनाच्या पडवीत वाचते आणि त्याबदल्यात त्याच्या मुलाचे पाढे घेते.

परीक्षा ठेवायची असेल तर मोठ्या विद्यापीठातला प्रवेश वगैरे नको. सतरा नंबरच्या फॉर्मसारखं करा. जादूगार बाहेरून बसतो, शिकवायला कुणी नाही, प्रश्न मात्र तेच. आमच्याकडे मी तोंडी परीक्षा घेते आणि प्रश्न वहीतल्या त्या किरकोळ ओळींवरून काढते.

शेवटचं, पावसाबद्दल. जादूगाराचं पुस्तक भिजलं की तो पुन्हा हमाल. स्वतःच्याच मंत्रांची दुसरी प्रत काढणं स्वस्त आहे, पातळीमागे १ तास आणि १० सोन्याची. पहिल्या पातळीचे सहा म्हणजे ६०. उचल फेडायची की प्रत काढायची, हा निर्णय मी जूनच्या पहिल्या रविवारी घ्यायला लावते. इंदूने तीनच मंत्रांची प्रत काढली.

खरी वही वापरा. नियमांत पुस्तक शंभर पानांचं असतं, तर शंभर पानीच आणा, आणि जुलैत खेळत असाल तर प्लास्टिकचं कव्हर घाला. आमच्या टेबलाजवळची भिंत गळते. इंदूच्या वहीतलं फाइंड फॅमिलिअरचं, म्हणजे प्राण्याच्या रूपातला सोबती बोलावायच्या मंत्राचं, पान दोनदा ओलं झालं आहे, आणि तो मंत्र तिने अजून एकदाही केलेला नाही, कारण दर वेळी १० सोन्याचा कोळसा, धूप आणि वनस्पती जाळाव्या लागतात.